राजाची करवंटी पालथी घालू नये

फार लांब नाही, पण जायला धड वाट नाही, अशा ठिकाणी एक रान होतं. रानाचं नाव सुखवाडी. नाव आधी ठेवलं होतं, सुख मागाहून यायचं होतं. तिथे अस्वलराव नावाचे राजे राज्य करीत. राजे प्रजेने निवडून दिलेले असत, पण अस्वलराव लागोपाठ चारदा निवडून आल्यामुळे ही गोष्ट त्यांना मुद्दाम आठवावी लागे.

अस्वलरावांना कामाची फार हौस. त्यातही कामाच्या सुरुवातीची. सुखवाडीत कोणतंही काम नारळ फोडल्याशिवाय सुरू होत नसे, आणि बरीचशी कामं नारळ फोडल्यावर तिथेच आटोपत. तळं खोदायचं ठरलं, नारळ. तळं खोदायचं राहिलं म्हणून पुन्हा ठरलं, पुन्हा नारळ. खोबरं मानकरी खात. करवंटीची दोन्ही शकलं दगडी चौथऱ्यावर तोंड वर करून ठेवली जात. शेजारी 'राजेसाहेबांच्या शुभहस्ते' अशी पाटी.

ही करवंटी पालथी घालायची नाही, हा तिथला दंडक. पालथी करवंटी म्हणजे काम बुडालं, सरळ करवंटी म्हणजे काम चालू आहे. त्यामुळे सुखवाडीत सगळी कामं चालू होती. एकदा एका उदमांजराने पाणी प्यायला करवंटी उचलली आणि घरच्या सवयीने पालथी ठेवली. त्याला बायकापोरांसकट हद्दपार केलं. इतर राज्यांत प्रजेच्या हाती करवंटी आली की प्रजा रडते. सुखवाडीत टाळ्या पडत.

याच रानात सगुणाबाई मुंगूस डास-तपासनीस होत्या. गेली अकरा वर्षं हंगामी. दारोदार जायचं, साठलेलं पाणी बघायचं, सापडलं तर ओतायचं, आणि घर नीट असेल तर दारावर खडूची फुली मारायची, एवढं त्यांचं काम. खातं मात्र लहानच ठेवलं होतं, कारण सुखवाडीत डास ही मुळात अफवा होती. राजेसाहेबांच्या अंगावर वीतभर केस. त्यांना जन्मात डास चावला नव्हता. ज्याचा राजाला त्रास नाही त्यावर खर्च कशाला, असा साधा हिशोब.

सगुणाबाईंचे यजमान तीन वर्षांपूर्वी तापाने गेले. दप्तरात कारण 'वृद्धापकाळ' असं पडलं. ते तेव्हा ऐन उमेदीत होते. पण ताप नव्हताच म्हटल्यावर लिहिणाऱ्याने तरी काय लिहावं.

यंदा सगुणाबाईंची लेक इंदू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावयांनी पोचवताना एवढंच म्हटलं होतं, "आई, तुमच्याकडे तापाचं फार ऐकतो. तिला जपा." सगुणाबाईंनी मान हलवली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका कोळ्याला बोलावून बिळाच्या तोंडावर दाट जाळं विणून घेतलं. आत-बाहेर करायला बाजूला एक फट ठेवली. घरातले शिंपले, पानांचे द्रोण, मडक्याचा तुकडा, सगळं दर शुक्रवारी रिकामं करून घासायचं आणि पालथं घालायचं, असा नेम केला.

"नुसतं ओतून का भागत नाही?" इंदूने विचारलं.

"अंडी कडेला चिकटलेली असतात, बाई. घासलं नाही तर पुन्हा पाणी पडल्यावर तीच उठतात. आठ-दहा दिवसांत डास उडतो. आपण सात दिवसांत गाठायचं. आणि हा डास दिवसाचा चावतो, तेव्हा दुपारची बाहेर पडायचं नाही."

पाऊस रेंगाळला आणि ताप आला. आधी सशांच्या आळीत, मग खारींच्या झाडावर, मग शेजारच्या भिकातात्या साळिंदराच्या घरात. तात्या म्हणजे राजेसाहेबांचे कट्टर भक्त. प्रत्येक समारंभाला पहिल्या रांगेत बसत. अंगावरच्या काट्यांमुळे दोन्ही बाजूंच्या जागा आपोआप रिकाम्या होत, याला ते मान समजत. त्यांची बायको यमुनाकाकू तापाने फणफणली तरी ते म्हणाले, "हवापालट आहे."

"काकू तर कुठे गेल्या नाहीत," सगुणाबाई म्हणाल्या.

"मग हवाच आली असेल इकडे."

सगुणाबाईंनी घर अन् घर पालथं घातलं. झाडांच्या ढोल्या पाहिल्या, म्हशींच्या खुरांचे खड्डे बुजवले. सगळ्या दारांवर फुल्या पडल्या, तरी ताप हटेना. मग एका सकाळी, पाय दुखले म्हणून, त्या तळ्याच्या चौथऱ्यावर टेकल्या. म्हणजे जिथे तळं होणार होतं तिथे. शेजारच्या करवंटीत सहज डोकावल्या. गुडघ्यात मोडल्यासारख्या होत अळ्या खालीवर करत होत्या. शंभर तरी असतील. त्यांनी पुढच्या चौथऱ्यावर पाहिलं. तिथेही. चार राजवटींची कामं होती. दुपारपर्यंत पाहून संपली नाहीत. संबंध सुखवाडीत खात्रीने पाणी साठेल अशी सोय फक्त सरकारने केली होती.

त्या तडक बगळेसाहेबांकडे गेल्या. बगळेसाहेब खात्याचे सचिव. पांढरेशुभ्र, मितभाषी, आणि कायम एका पायावर उभे. दुसरा पाय कधी लागला तर असावा म्हणून वर धरलेला.

"साहेब, राजेसाहेबांच्या करवंट्यांत अळ्या आहेत."

"बाई, बसा. कशात काय आहे?"

"करवंट्यांत. अळ्या."

"हे दोन शब्द तुम्ही एका वाक्यात घेतलेत."

"सापडल्याच एका जागी, साहेब. आठवड्यातून एकदा करवंट्या पालथ्या घातल्या तर..."

"हा तिसरा शब्द." बगळेसाहेबांनी डोळे मिटले. "उदमांजर आठवतंय ना? मग लेखी द्या. मी पाहतो त्याचं काय करायचं ते."

सगुणाबाईंनी लेखी दिलं. 'करवंट्यांत डासांच्या अळ्या आढळल्या.' बगळेसाहेबांनी वर पाठवताना भाषा थोडी सौम्य केली. 'करवंट्यांत हालचाल आढळली.' प्रधानांनी ती आणखी सौम्य केली. राजेसाहेबांपर्यंत पोचेतो कागदावर एवढंच राहिलं: 'कामांत जिवंतपणा आढळला.'

चार दिवसांनी अस्वलराव सभेत उभे राहिले.

"बंधूंनो, भगिनींनो आणि बिळाबिळांतून ऐकणाऱ्या माझ्या सोबत्यांनो. आमची कामं मेलेली आहेत, असं काही लोक म्हणतात. त्यांना मी विचारतो, जाऊन बघितलंत का कधी? तुम्ही बघितलं नाही. आमच्या खात्याने बघितलं. काम जिवंत आहे. हलतंय. वाढतंय. आणि लवकरच ते प्रत्येकाच्या घरात येणार आहे."

हे राजेसाहेबांच्या कारकिर्दीतलं पहिलं खरं ठरलेलं भाषण.

पुढच्या पंधरवड्यात सशांच्या आळीत इतक्या अंत्ययात्रा निघाल्या की राजेसाहेबांच्या मिरवणुकीला वाट मिळेना. तेव्हा कुठे ताप आहे हे सरकारच्या लक्षात आलं, आणि 'डासमुक्त सुखवाडी' मोहीम जाहीर झाली. मोहिमेचं उद्घाटन एकशे आठ ठिकाणी. म्हणजे एकशे आठ नारळ, दोनशे सोळा करवंट्या. शेवटच्या नारळाला हात घालेपर्यंत पहिल्या नारळाच्या करवंटीतून डास उडाले. ताप दुपटीने वाढला. मोहीम कमी पडते आहे हे उघड होतं, म्हणून ती वाढवण्यात आली. आता 'शासन दारात, करवंटी घरात'. प्रत्येक घरापुढे राजेसाहेबांची करवंटी. काटकसर म्हणून एक नारळ दोन शेजाऱ्यांत. करवंटी सरळ हवी; आणि भरलेली हवी, कारण भरलेली करवंटी ही भरभराटीची खूण. ती सरळ आणि भरलेली आहे ना, हे दारोदार पाहायला अनुभवी माणूस लागणार होता. सगुणाबाईंना अकरा वर्षांचा अनुभव होता.

"म्हणजे मी आता साठलेल्या पाण्यालाच फुली मारायची?" त्यांनी बगळेसाहेबांना विचारलं.

"खडू तोच आहे, बाई. दारं तीच आहेत. तुम्हाला नवीन असं काही शिकायचं नाही."

मग एके सकाळी अस्वलराव स्वतः त्यांच्या आळीत आले. आदल्या दिवशी साफसफाईचं पथक आलं होतं. राजेसाहेबांच्या वाटेवर जळमटं दिसता कामा नयेत, असा हुकूम होता. सगुणाबाई फेरीवर गेल्या असताना पथकाने बिळाच्या तोंडावरचं जाळं काठीला गुंडाळून नेलं. कोळ्याला समज देऊन सोडलं. इंदू आतून म्हणत होती, "अहो, ते मुद्दाम लावलंय." पथकप्रमुख म्हणाला, "ताई, सगळे असंच म्हणतात."

राजेसाहेबांनी नारळ आपटला. डोळ्यांकडचं शकल सगुणाबाईंच्या दारात आलं, बिनडोळ्याचं तात्यांच्या. तात्यांनी करवंटीला नमस्कार केला. आतून यमुनाकाकूंचं कण्हणं ऐकू येत होतं; वाजंत्रीवाल्यांनी ते झाकून घेतलं.

"कितवा महिना?" अस्वलरावांनी इंदूकडे बघत सगुणाबाईंना मायेने विचारलं.

"आठवडा-दोन आठवडे उरलेत, महाराज."

"छान. जन्माला येईल ते करवंटीच्या सावलीत वाढेल."

सगुणाबाई नवा कोळी शोधायला गेल्या. पण समज दिल्यापासून रानातले कोळी उघड्यावर काम घेत नव्हते. त्यांनी बिळाच्या तोंडाला निरगुडीचा पाला लावला, इंदूला आतल्या खोलीत हलवलं, आणि दिवसाचे डास दिवसा हाकलत बसल्या. पाचव्या दिवशी इंदू पाणी टाकायला दाराशी आली आणि करवंटीकडे बघत म्हणाली, "आई, ह्यात काहीतरी नाचतंय."

आणखी तीन-चार दिवस, फार तर. दारापासून इंदूच्या अंथरुणापर्यंत चार हात अंतर. करवंटी पालथी घातली तर हद्दपारी, आणि नऊ महिने भरलेली मुलगी घेऊन रानाबाहेर चालत जाणं म्हणजे तापापेक्षा फार वेगळं काही नव्हतं. न घालावी तर अळ्या वाढतच होत्या. सगुणाबाई करवंटीपुढे उकिडव्या बसून राहिल्या. मग त्यांनी ती जरा तिरकी करून खालून पाहिली. नारळाला तीन डोळे असतात. दोन घट्ट, एक मऊ. रोपटं त्यातूनच बाहेर येतं. त्यांनी मऊ डोळ्यावर नख टेकवलं आणि दाबलं.

टच्च झालं. पाणी टपटप करत मातीत गेलं. अळ्या तळाशी थोडा वेळ वळवळल्या आणि थांबल्या. करवंटी होती तिथे, होती तशी, तोंड आकाशाकडे करून राहिली.

"मी बघितलं," मागून आवाज आला. भिकातात्या.

सगुणाबाई उठल्या नाहीत. "बघितलंत ना? जा, सांगून या."

तात्या जवळ आले. करवंटीला एक प्रदक्षिणा घातली. "पालथी नाही घातलीत."

"नाही."

"सरळच आहे."

"तुमच्या डोळ्यांदेखत."

तात्यांनी मान वळवून आपल्या दाराकडे पाहिलं. त्यांच्या दारातलं शकल काठोकाठ भरलेलं होतं आणि आत तशाच अळ्या खालीवर नाचत होत्या. "आमच्याला डोळे नाहीत हो," ते शेवटी म्हणाले.

"करवंटीला नाहीत. अंगावर काटा आहे ना?"

"राजेसाहेबांच्या करवंटीला माझा काटा? सगुणाबाई, चार निवडणुका मी पहिल्या रांगेत बसलोय."

आतून यमुनाकाकूंचा खोल गेलेला आवाज आला. "अहो, उपटा की एक. इतकी वर्षं मला टोचताय, एकदा तरी कामाला येऊ दे."

तात्यांनी डोळे मिटून काटा उपटला. तो करवंटीच्या बुडाला लावून सगुणाबाई रवीसारखा फिरवत राहिल्या. पहिल्या भोकाला अर्धी दुपार गेली. तात्या राखण करत उभे होते आणि अधूनमधून म्हणत होते, "अपमान होणार नाही इतपतच पाडा."

दुसऱ्या दिवसापासून सगुणाबाई खडूबरोबर काटेही घेऊन निघाल्या. सरकारी हुकूमच होता, दारोदार जाऊन करवंटी तपासायची. त्या तपासत. खालून जास्त तपासत, वाटेतल्या चौथऱ्यांवरच्याही. घरधनीण विचारी, "काय करताय, मावशी?" त्या म्हणत, "सरळ आहे का बघते." मग दारावर फुली. सशांच्या आळीतल्या बायकांना चौथ्या घरापर्यंत सगळं कळलं होतं; पाचव्या घरापासून त्या दारात स्वतःच काटा घेऊन उभ्या होत्या. काटे तात्या पुरवत. एका कुशीवर ते चांगलेच विरळ झाले, आणि सभेत त्यांच्या शेजारची जागा प्रथमच भरली. बगळेसाहेबांच्या बंगल्यासमोरच्या दोन करवंट्याही सगुणाबाईंनी तपासल्या. साहेबांच्या धाकट्या पिल्लाला तेव्हा ताप होता.

इंदू तळ्याच्या काठी, म्हणजे चौथऱ्याच्या काठी, राहणाऱ्या सुईणीच्या हाताखाली सुखरूप मोकळी झाली. तीन मुली, एक मुलगा. कुणाला ताप नाही. महिन्याभरात आळीतल्या अंत्ययात्रा थांबल्या, यमुनाकाकू उठून भांडायला लागल्या, आणि अस्वलरावांनी जाहीर केलं की घरोघरी करवंटी दिल्यामुळे ताप पळाला.

बारशाच्या दिवशी बगळेसाहेब आले. पाळण्याकडे न जाता करवंटीकडे गेले. "बाई, पाऊस रोज आहे आणि रानात एकही करवंटी भरलेली नाही. तुमच्या अहवालात सगळ्या भरलेल्या आहेत." त्यांनी चोचीतून आणलेलं पाणी करवंटीत सोडलं. ते खालून गेलं. "हे काय?"

"भोक आहे, साहेब."

"ते दिसलं. कोणी पाडलं?"

घरातल्या बायका गाण्याच्या ओळीवर थबकल्या. इंदूने एक पिल्लू उचलून छातीशी धरलं. सगुणाबाईंनी पदर सावरला.

"साहेब, धाकट्याचा ताप कसा आहे?"

बगळेसाहेबांनी पाळण्याकडे पाहिलं. मग त्यांनी वरचा पाय खाली टेकवला आणि खालचा वर घेतला. खात्यात याला फेरविचार म्हणतात.

"ताप करवंटीमुळे गेला असं राजेसाहेब बोलून बसलेत," ते हळूच म्हणाले. "भोकामुळे गेला असं लिहिलं तर भोक नव्हतं तेव्हा कशामुळे आला, हेही लिहावं लागेल. तेव्हा मी लिहितो, भोक मागच्या राजवटीतलं आहे."

"मागच्या राजवटीत ह्या करवंट्याच नव्हत्या, साहेब."

"बरं झालं ना. म्हणजे तपासायला कोणी जाणार नाही." आणि ते घुगऱ्या घेऊन गेले.

पण अहवाल फुटला, आणि निवडणूक तोंडावर आली होती. विरोधी पक्षाचे तरसअण्णा आळीआळीतून करवंटी घेऊन फिरू लागले. सभेत ती डोक्यावर धरून तिच्यात पाणी ओतत आणि भिजलेल्या तोंडाने विचारत, "फुटकी करवंटी तुमच्या माथी मारली. तुम्ही ऐकून घेणार? मी न गळणारी करवंटी देईन. घरटी एक नाही, दोन. आणि माझ्या हाताने काठोकाठ भरून देईन." अस्वलराव थोडेच मागे राहणार. त्यांनी 'भोकबुजाव अभियान' जाहीर केलं. प्रत्येक भोक लाखेने बंद. "जगात असं काम कुठेच झालेलं नाही," ते म्हणाले, आणि तेही खरं होतं.

मतदानाच्या सकाळी सगुणाबाई दारात द्रोण घासत बसल्या होत्या. शुक्रवार होता. चारही पिल्लं उन्हात लोळत होती. अंगावर केस अजून धड आले नव्हते, नुसतं गुलाबी कातडं. तात्या ठेवणीतलं उपरणं घालून आले.

"बोला सगुणाबाई, मत कोणाला द्यायचं? हाही भरा म्हणतो, तोही भरा म्हणतो."

"ताप कसा जातो हे आई सभेत उठून सांगत का नाही?" इंदू म्हणाली.

"सांगेन. मी सभेत उठेन, दोघं मिळून मला बाहेर काढतील, आणि मग भोकं कोण पाडील?" सगुणाबाईंनी द्रोण पालथा ठेवला. "तात्या, तरसअण्णा कसा आहे कामाला?"

"वाईट नाही. नवा आहे, हौशी आहे. बोलेल ते करेल, असं म्हणतात."

"स्वतः उभा राहून भोकं बुजवेल?"

"बुजवेल बहुतेक."

"आणि राजेसाहेब?"

तात्या विचारात पडले. निष्ठा एकीकडे, आयुष्यभराचा अनुभव एकीकडे. "नारळ फोडतील," ते म्हणाले, "आणि घरी जातील."

"मग नव्या करवंट्यांपुरते काटे आहेत ना तुमच्या दुसऱ्या कुशीला?"

"आहेत."

"तर झालं." सगुणाबाईंनी हात पुसले, नातवंडं आत नेऊन ठेवली आणि मत द्यायला निघाल्या. वाटेत सशांच्या बायका भेटल्या. त्यांनीही घरी असाच विचार केला होता.

अस्वलराव पाचव्यांदा निवडून आले, आजवरच्या सगळ्यांत मोठ्या मताधिक्याने. विजयसभेत ते भारावून म्हणाले, "आम्ही दिलेल्या शब्दाचं पुढे काय होतं हे या जनतेला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तिने आम्हाला पुन्हा निवडलं." या वाक्याला फार टाळ्या पडल्या, आणि त्या मनापासूनच्या होत्या.